टर्बोला कॅम टाकायचाय? आधी एक्झॉस्टचं प्रेशर मोजा

टर्बो (एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) बसला, गाडी पळायला लागली की पुढचा प्रश्न ठरलेलाच, भाऊ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला टाकू? आणि विचारणाऱ्याच्या मोबाईलवर तोवर कुठलातरी व्हिडिओ उघडलेला असतो ज्यात गाडी आयडलला धडधडतेय, त्याला तोच आवाज पाहिजे. आपल्या नाशकात रॅलीचं वेड जुनं, त्यामुळे मोठा कॅम म्हणजे जास्त पॉवर हे डोक्यात फिट्ट बसलेलंय. बिनटर्बोच्या गाडीला ते बऱ्यापैकी खरंपण आहे. टर्बो असेल, आणि त्यात हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा म्हणजे पोर्ट असतात) कंपनीचंच असेल तर मात्र सगळं गणित बदलतं.

जळका गॅस सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होता होता हवा आत घेणारा इनटेक उघडायला लागतो, तेवढा वेळ दोन्ही उघडे असतात, तो ओव्हरलॅप. साध्या इंजिनात बाहेर पळणारा गॅस मागून ताजी हवा ओढतो, फायदाच. टर्बो गाडीत त्याच वाटेत टर्बाइन, म्हणजे टर्बोचं गॅसने फिरणारं चाक, आडवं बसलंय. टर्बो छोटा असला आणि समजा इनटेकला 0.8 बार बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आहे पण टर्बाइनच्या अलीकडे एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनापासून टर्बोपर्यंतच्या नळीत) 1.4 बार प्रेशर साचलंय, तर ओव्हरलॅपमध्ये काय होणार सांगा? जळका गॅस परत सिलिंडरमध्ये. आतलं हवा-पेट्रोल गरम, नॉकिंग (अवेळी भडकून ठोके पडणं) सुरू, मग ट्यूनर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि कॅमने मिळवलेलं सगळं तिथंच जातं, वर टर्बोचं स्पूल, म्हणजे वेग पकडून बूस्ट देणंपण उशिरा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कॅटलॉग उघडायच्या आधी हे प्रेशर मोजा. मॅनिफोल्डला टर्बाइनच्या आधी एक बॉस (नळी जोडायला आट्यांचा तुकडा) वेल्ड करून घ्यायचा, त्याला ब्रेकची स्टीलची नळी, दोन-चार वेटोळे मारून म्हणजे गेजपर्यंत गॅस गार होतो, पुढे होस आणि साधा प्रेशर गेज. अंबड-सातपूरला असं काम करणारे ढिगाने आहेत. मग डायनोवर (गाडी जागेवरच पळवून पॉवर मोजायचं मशीन) फुल थ्रॉटलला बूस्ट आणि हे, दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघा (त्र्यंबक रोडवर नको रे बाबांनो). मॅनिफोल्डमधलं हे बॅकप्रेशर बूस्टच्या दीडपट-दुप्पट निघालं तर कॅमचा नाद सोडा, ते पैसे मोठ्या टर्बाइन हाउसिंगला घाला. दोन्ही आकडे जवळजवळ आले तर कॅमबद्दल बोलू.

आता लोब सेपरेशन. लोब म्हणजे कॅमवरचा व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा, सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन, आणि ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती डिग्री उघडा राहतो ते. 260 ड्युरेशनचे दोन्ही लोब, सेपरेशन 110 असेल तर ओव्हरलॅप 40 डिग्री, तेच 114 केलं की 32. चारच डिग्री सरकवले आणि ओव्हरलॅप आठने कमी. टर्बोवाले 112 ते 116 च्या आसपास का घुटमळतात ते यातून कळतं. ट्विन कॅम असेल तर ॲडजस्टेबल पुली लावून हे नंतरपण खेळता येतं, पण जिप्सी, एस्टीमसारख्या सिंगल कॅमला इनटेक-एक्झॉस्ट एकाच दांड्यावर, पुली फिरवली तर दोन्ही सोबत सरकतात, सेपरेशन कॅम घासून बनवतानाच ठरतं. तिथं अंदाजपंचे चालत नाही.

लिफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो त्याच्या, मागे फार लागू नका. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या साधारण पाव इतकी लिफ्ट झाली, म्हणजे 28 एमएमच्या व्हॉल्व्हला 7 एमएम, की पुढे बहुतेक पोर्टच आडवा येतो, आणि पोर्ट तर कंपनीचाच आहे ना भो. स्प्रिंग मात्र विसरू नका. 1 बार बूस्ट त्याच 28 एमएमच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर सहा किलोच्या वर जोर लावतो, तो व्हॉल्व्ह उघडायच्या बाजूने, म्हणजे जुन्या दमलेल्या स्प्रिंगच्या ताकदीतून तेवढा वजा. वरच्या आरपीएमला गाडी या दमलेल्या स्प्रिंगमुळे अडखळते आणि लोक इग्निशन कॉइल बदलत बसतात.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधल्या क्लिअरन्सला क्ले (मऊ माती) टेस्ट कराच. पिस्टनच्या व्हॉल्व्ह पॉकेटवर क्लेची चपटी वडी, वर थोडं तेल, जुनं गॅस्केट लावून हेड टाइट, कॅमचं टायमिंग जुळवून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे. हेड काढून वडी ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागी व्हर्नियर लावा. इनटेकला 2 एमएम, एक्झॉस्टला 2.5, त्याच्या खाली मी जाणार नाही.

राहिलं रीग्राइंड, म्हणजे जुना कॅम घासून नवा आकार देणं. कॅमशाफ्ट बनवणारी मोठी कंपनी आपल्या सोलापुरात आहे, पण आपल्यासारख्याला एक पीस लागतो त्यामुळे जुनाच कॅम घासून आणणं परवडतं. घासला की बेस सर्कल (लोबचा गोल भाग) लहान होतं, रॉकरचा (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारी पट्टी) अँगल बदलतो, आणि जास्त घासला तर वरचा कडक थर निघून जातो, मग लोब हजार-दोन हजार किलोमीटरमध्येच बसायला लागतो. घासणाऱ्याकडून कॅम कार्ड (कॅमच्या मापांचा कागद) लेखी घ्या, त्यात 1 एमएम लिफ्टवरचं ड्युरेशन पाहिजे, कारण नुसतं 260 म्हटलं तर ते कुठून मोजलं यावर दोन कॅममध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कार्ड देत नाही, वर नुसतं स्टेज टू (जास्त पॉवरचा कॅम) आहे म्हणतो, तर कॅम उचला आणि दुसरं दुकान बघा.