‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’ : माझी बी.एड.ची दोन वर्षे

रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर सीईटी देऊन मी बी.एड.ला प्रवेश घेतला, तेव्हा हा अभ्यासक्रम म्हणजे नोकरीसाठी लागणारा एक कागद, एवढीच माझी समजूत होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने तो एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा केला होता आणि विषय येत असताना शिकवायला शिकण्यासाठी दोन वर्षे कशाला, अशी कुरकूर आम्ही जालन्याहून ये-जा करणारी मुले रोज रेल्वेत करत असू. विज्ञान अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या मॅडम विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात होत्या. माझे पहिले पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, त्यांच्याकडून परत आले तेव्हा ही कुरकूर निदान माझ्यापुरती थांबली.

टाचणात ‘अध्यापक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचे ते आम्ही आधीच्या तुकडीच्या वह्यांवरून उतरवून घेतले होते : ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ माझ्या एका टाचणात हे वाक्य अकरा वेळा आले होते. मॅडमनी अकराही ठिकाणी रेघ मारून शेवटी एकच प्रश्न लिहिला होता : ‘ऐकून काय म्हणतात?’

सूक्ष्म अध्यापनातही त्यांचा रोख हाच असे. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण म्हणजे पाठावरचा अभिप्राय, बारा मिनिटे फेरनियोजन, मग पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण, असे हे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. पण त्यात समोर बसलेले विद्यार्थी म्हणजे आपलेच वर्गमित्र, त्यामुळे प्रश्न संपण्याआधी बरोबर उत्तर येते आणि शिकवणाऱ्याला आपले प्रश्नकौशल्य उत्तम असल्याचा भास होतो. यावर मॅडमनी चिठ्ठ्यांचा उपाय काढला. दोघा-तिघांच्या हातात त्या एकेक चुकीची कल्पना लिहिलेली चिठ्ठी देत, उदाहरणार्थ ‘माठाच्या बाहेर दिसणारे पाणी हवेतून येते’, आणि पाठ संपेपर्यंत त्या कल्पनेला धरून राहण्याचे बजावत. माझ्या सहा मिनिटांत ती कल्पना मला हलवता आली नाही. पाझर, बाष्पीभवन आणि सुप्त उष्णता या तिन्हींवर मी बोललो, पण माठाला हात लावून कुठे काय ओले आहे हे पाहायला कुणाला सांगितले नाही.

खरी फजिती पहिल्या सराव पाठात झाली. सातवीचा वर्ग होता, घटक होता हवेतील घटक. परातीत निळी शाई घातलेले पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा ग्लास, असा तो सर्वांच्या ओळखीचा प्रयोग मी मांडला होता. ज्योत विझली, पाणी ग्लासात चढले आणि मी पाठ केल्याप्रमाणे सांगितले की ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, म्हणून त्याच्या जागी एक पंचमांश पाणी आले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, जळत व्हती तव्हा पाणी गपच व्हतं. इझल्यावर चढलं.” तिच्या मागचा मुलगा म्हणाला, “आन् कडंनं बुडबुडे बी आले.” मी “हो, बसा,” म्हटले आणि फळ्यावर नायट्रोजनची टक्केवारी लिहायला वळलो. मागच्या बाकावर मॅडम निरीक्षण वहीत लिहीत होत्या.

त्यांचा शेरा एका ओळीचा होता : ‘तीन मेणबत्त्या लावून पाहा.’ त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत, त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्यावर पाणी आधीपेक्षा बरेच वर चढले. ग्लासातल्या हवेत ऑक्सिजन तर तेवढाच होता. मग सगळा उलगडा झाला आणि तो त्या दोन मुलांच्या वाक्यांतच होता. ज्योतीमुळे ग्लासातली हवा तापून प्रसरण पावते आणि तिचा काही भाग कडेने बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. एम.एस्सी. झालेल्या माणसाला हे माहीत असायला हवे होते, पण मी शाळेत पाठ केलेले स्पष्टीकरण कधी तपासलेच नव्हते.

विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे तंत्र यांच्या मधोमध शिक्षकाचे म्हणून एक वेगळे ज्ञान असते, हा विचार अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडला. परीक्षेत त्यावर टीप येते आणि मी ती लिहिलीही. तिचा अर्थ मात्र मला कळला तो या ग्लासापाशी.

दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याचा सराव, होती. मला जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली शाळा मिळाली, जिथे प्रयोगाचे साहित्य एका कपाटात होते आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे यावर दोन मते होती. त्यामुळे मी गावात मिळेल तेवढ्यावर भागवले. गावाला बोअरचे पाणी. भांड्यांना पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस येत नाही. कारण विचारल्यावर सगळा वर्ग म्हणाला, “पाणी जड हाय.” पुस्तकी मराठीत याला दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात आणि जड पाणी म्हणजे अणुभट्टीत वापरतात ते, एवढे सांगून मी मोकळा झालो असतो, पण टाचणाच्या त्या रकान्यात मी त्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि वजन करून पाहू या, असे म्हटले. किराणा दुकानाच्या काट्यावर बोअरच्या आणि जारच्या पाण्याच्या एकसारख्या बाटल्या ठेवल्या, तर आकड्यांत फरक दिसेना. एका मुलाने काट्यावरच शंका घेतली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दूध संकलन केंद्रावरच्या काट्यावर तेच करून पाहिले. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्यांत सारखाच साबण घालून हलवले आणि बोअरच्या पाण्यात फेसाऐवजी साका धरला. किटलीतल्या थरावर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले, तेव्हा कुठे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार हा शब्द फळ्यावर आला. पाठ्यपुस्तकातले अर्धे पान, आणि त्याला तीन तास लागले.

मॅडम निरीक्षणाला आल्या त्या नेमक्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आम्ही दूध संकलन केंद्रावर असताना. मुख्याध्यापक अवघडले होते. मॅडमनी काट्यावरच्या मुलाला विचारले, “दोन्ही काटे चुकीचे असले तर?” आणि उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या.

अंतिम पाठ परीक्षेत मी हाच घटक एका तासात बसवायला गेलो. लिंबू पिळेपर्यंत घंटा झाली. बहिःस्थ परीक्षकांनी गुण बेताचे दिले आणि शेरा लिहिला : ‘वेळेचे नियोजन सुधारावे.’ तो शेरा योग्यच होता. त्याच पानावर विद्यार्थी कृतीचा रकाना समासापर्यंत भरलेला होता, त्याबद्दल मात्र त्यांनी काही लिहिले नाही.