काचेच्या कौलाचा कवडसा (ब्लेंडर हे 3डी सॉफ्टवेअर, त्याचं चित्र बनवणारं इंजिन सायकल्स): टप्पा 3

प्रसंग रत्नागिरीकडच्या कौलारू घराचा. सारवलेल्या जमिनीचं स्वयंपाकघर, मागचं दार लोटलेलं, उजेड फक्त छपरातल्या एका काचेच्या कौलातून. मॉडेल आणि मटेरियल आधीच झाली, आता नुसता कवडसा.

पहिली अडचण काचेचीच. ग्लास शेडर (पृष्ठभाग उजेडाशी कसा वागेल ते ठरवणारी मांडणी) लावला की सन लाइट, म्हणजे सूर्याचा दिवा, सरळ आत येत नाही, आणि कॉस्टिक्स (काचेतून वाकून एकवटणारा उजेड) चालू ठेवले तर जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडतो. उपाय जुनाच: मिक्स शेडरमध्ये वर ग्लास, खाली ट्रान्सपरंट, फॅक्टरला लाइट पाथचं 'इज शॅडो रे', म्हणजे सावली तपासणाऱ्या किरणांना काच आरपार. कौल मळकट, म्हणून उजेड 70 टक्केच आत हवा. इथे ट्रान्सपरंटचा रंग 0.7 ठेवला तर फसतं, कारण किरण वरच्या आणि खालच्या अशा दोन पृष्ठभागांतून जातो आणि 0.49च उरतं. 0.84 ठेवा.

सनचा कोन (सूर्यबिंबाची दिसणारी रुंदी) 0.53 अंश. कौल जमिनीपासून 4 मीटरवर असेल तर कवडशाची कड पावणेचार सेंमी मऊ होते, आणि तेवढीच हवी. कोन 11 अंश राहिला तर हीच कड पाऊण मीटर पसरते, म्हणजे कवडसा गायबच.

खरं काम पुढे आहे. खोली उजळते ती जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने. पण एवढासा पट्टा किरणांना क्वचितच सापडतो, म्हणून भिंतींवर नॉइज (दाणेदारपणा) माजतो. सॅम्पल (दर पिक्सेलमागचे किरण) वाढवत बसण्यापेक्षा सनचे मॅक्स बाउन्सेस (उजेड किती वेळा उसळावा ती मर्यादा) 0 करा आणि पट्ट्याच्या मापाचा एरिया लाइट (सपाट दिवा) जमिनीच्या 1 सेंमी वर, तोंड आढ्याकडे करून ठेवा. कॅमेऱ्याला तो दिसू देऊ नका. ताकद हिशेबाने: सनची ताकद 5, कौलाचा उघडा भाग 0.08 चौरस मीटर, काच 0.7, सारवण एक चतुर्थांश उजेड परतवतं असं धरलं, तर जेमतेम 0.07 वॉट. आकडा हास्यास्पद वाटतो म्हणून लोक 20 वॉट टाकतात आणि स्वयंपाकघराचं लग्नाचं कार्यालय होतं. अंधार वाटला तर एक्स्पोजर 2-3 स्टॉप (दर स्टॉपला चित्र दुप्पट उजळ) वर न्या.

धुरकट झोतासाठी व्हॉल्यूम (हवेतला धूर) खोलीपुरत्या क्यूबमध्येच द्या; वर्ल्डला, म्हणजे सगळ्या भोवतालाला, दिलात तर सन अडतो. डेन्सिटी (दाटपणा) 0.03, म्हणजे 5 मीटरमागची भिंत 14 टक्के मंदावते. झोत बाजूने दिसणार असेल तर अ‍ॅनायसोट्रॉपी (धुरात उजेड कोणत्या दिशेने विखुरतो ते) 0.2च्या वर नको, नाहीतर उजेड पुढेच फेकला जातो.

ऋतूही सांभाळा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीला मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर, कवडसा कौलाच्या बरोबर खाली. डिसेंबरअखेर तोच कवडसा उत्तरेला 3.4 मीटर सरकतो, आणि एरिया लाइटही सोबत हलवावा लागतो.

देव्हाऱ्यातली समई पुढच्या टप्प्यात: पॉइंट लाइट, त्रिज्या 1 सेंमी, 1900 केल्विन, लाइट ग्रुप (उजेड नंतर स्वतंत्र जुळवण्याचा गट) वेगळा.