मोतीबिंदू नव्हे, कोरडा डोळा

ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या आतले थर दाखवणाऱ्या यंत्रासमोर मी पहिल्यांदा पांढरा उंदीर ठेवला, तेव्हा पडद्यावर नुसतं धुकं. ज्या औषधाची आम्ही उंदरांवर चाचणी घेत होतो त्याने मोतीबिंदू झाला, असं नोंदवहीत लिहायला पेन उचललंही होतं. तेवढ्यात आमच्या मॅडमनी विचारलं, "डोळ्यात थेंब कधी घातलेस?"

घातलेच नव्हते! भूल दिलेला उंदीर डोळे उघडे ठेवून पडून असतो, पापणी लवत नाही. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, बघता बघता कोरडा पडतो. शिवाय केटामीन-झायलाझीनच्या भुलीत भिंगही तात्पुरतं पांढुरकं होऊ शकतं. जाग आली की निवळतं. म्हणजे दोष औषधाचा नव्हता, माझा होता.

१९९१ साली जगासमोर आलेलं ओसीटीचं तंत्र मला अजूनही जादूसारखं वाटतं. अवरक्त प्रकाश आत सोडायचा, परतलेल्या प्रकाशावरून दृष्टिपटलाचे थर मोजायचे, तेही काही मायक्रॉनच्या अचूकतेने. डोळ्याला स्पर्शसुद्धा नाही. पूर्वी हे थर पाहायचे तर प्रत्येक टप्प्यावर काही प्राणी मारून डोळ्यांचे छेद घ्यावे लागत. आता औषध सुरू करण्याआधी, मध्ये आणि बंद केल्यावर तोच उंदीर पुन्हा दिसतो. थर पातळ झाला तर त्याच्याच जुन्या चित्राशी ताडता येतं.

अर्थात शेवटी सूक्ष्मदर्शक लागतोच; एकेका पेशीचं नेमकं काय बिघडलं ते छेदातच कळतं. आणि उंदराला माणसासारखा मॅक्युला (दृष्टिपटलाच्या मध्यावरचा, बारीक तपशील पाहणारा भाग) नसतो, हे अहवाल वाचणारे हमखास विसरतात.

माझ्या टेबलावर आता कृत्रिम अश्रूंच्या दोन बाटल्या असतात. एक हरवते म्हणून.