आमची वाटचाल : परदेशी पाहुण्यांच्या व्हिसाचे काम

आमच्या कार्यालयाची सुरुवात पुण्यात जपानी आणि जर्मन कागदपत्रांच्या भाषांतरापासून झाली. चाकण, तळेगाव, रांजणगाव येथील कारखान्यांत परदेशी यंत्रे आली, त्यांच्यामागोमाग अभियंते आले आणि आमच्याकडून कंत्राटांची भाषांतरे करून घेणारे व्यवस्थापकच त्यांच्या व्हिसाचेही बघा, असे म्हणू लागले. २००९ मध्ये केंद्र सरकारने बिझनेस व्हिसा आणि एम्प्लॉयमेंट व्हिसा यांतील सीमारेषा काटेकोरपणे आखली, बिझनेस व्हिसावर प्रत्यक्ष नोकरी करणाऱ्यांना मायदेशी परतण्यास सांगितले आणि तेव्हापासून हेच आमचे मुख्य काम झाले.

पाहुणा येथे येऊन नेमके काय करणार, हा आमचा पहिला प्रश्न असतो. बैठका, खरेदीची बोलणी, मालाची दर्जा तपासणी यांसाठी बिझनेस व्हिसा पुरतो. येथील कंपनीत नेमणूक होणार असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसाच लागतो. त्यासाठी वार्षिक वेतन सर्वसाधारणपणे १६ लाख २५ हजार रुपयांहून अधिक असावे लागते; स्वतःच्या देशाचे पदार्थ करणारे परदेशी आचारी आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक व भाषांतरकार यांना त्यातून सूट आहे. ‘आधी बिझनेस व्हिसावर येऊ द्या, मग इथेच बदलून घेऊ,’ असा आग्रह अनेकदा होतो. असे काम आम्ही स्वीकारत नाही, कारण त्याची किंमत शेवटी त्या परक्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला मोजावी लागते.

सर्वाधिक वेळ जातो तो घरमालकांना समजावण्यात. भाडेकरूची पोलीस पडताळणी झाली म्हणजे सारे झाले, अशी त्यांची समजूत असते. परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत तिच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) ऑनलाइन भरणे ही मालकाची जबाबदारी आहे. औंध-बाणेरमधील ज्येष्ठ घरमालकांकडे आमची माणसे स्वतः जातात, पासपोर्टवरील विमानतळाचा शिक्का आणि व्हिसाचा क्रमांक त्यांच्यासमोर वाचून दाखवतात व फॉर्म भरून त्याची प्रत हाती देतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या एम्प्लॉयमेंट व्हिसावर आलेल्यांना १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते आणि तेथे हीच प्रत मागितली जाते. २०१८ मध्ये ई-एफआरआरओ ही या नोंदणीची ऑनलाइन सेवा सुरू झाल्यापासून ही नोंदणी बहुधा घरबसल्या होते. लहान मुलांना घेऊन सरकारी कार्यालयात ताटकळणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत, त्यामुळे या बदलाचे मोल आम्हांला फार वाटते.

भविष्यनिर्वाह निधीचा विषय मात्र आजही मागे पडतो. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. तेथील कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्याने आपण मायदेशातील सामाजिक सुरक्षा योजनेत असल्याचे प्रमाणपत्र आणले, तर येथे निधीची कपात करावी लागत नाही. कर्मचारी मायदेशातून निघण्यापूर्वीच हा कागद मागवावा.

१ सप्टेंबर २०२५ पासून चार जुन्या कायद्यांच्या जागी नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, तेव्हा आम्ही आमची सारी टिपणे नव्याने लिहून काढली. आमची पद्धत मात्र तीच आहे: कंत्राट, नेमणुकीचे पत्र आणि कामाचे वर्णन हे तीन कागद शेजारी ठेवून वाचायचे आणि त्यांतील तफावत दूर होईपर्यंत अर्ज पुढे पाठवायचा नाही.