उलगडला की देऊळ, गुंडाळला की खांद्यावर

फड म्हटलं की आपल्याला तमाशाचा फड आठवतो, उसाचा आठवतो, कुस्तीचा आठवतो. राजस्थानातला फड कापडाचा असतो. साधारण १५ फूट लांब, ५ फूट रुंद, आणि त्यावर पाबूजी राठोड या लोकदेवाची अख्खी कथा रंगवलेली. दिवसा तो गुंडाळी होऊन भोप्याच्या, म्हणजे फडापुढे कथा गाणाऱ्या पुजाऱ्याच्या, खांद्यावर असतो. रात्री दोन खांबांना ताणून बांधला, पुढची जागा झाडून घेतली, धूप लावला की त्याचं देऊळ होतं. रायका-रेबारी लोकांचं आयुष्य जनावरांमागे फिरण्यात जातं. दगडाच्या देवळापाशी ते थांबणार कधी? म्हणून देवच त्यांच्यामागे फिरतो.

जैसलमेरच्या बाजूला वर्षाला २०० मिलिमीटर पाऊससुद्धा भरवशाचा नाही. अशा मुलखात कलाबिला म्हणजे पोट भरल्यावरची गोष्ट असणार, असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात तिथे गाणं, चित्र, गोष्ट ही रोजच्या कामात गुंतलेली असतात. मारवाडात उंट पहिल्यांदा पाबूजींनी आणले अशी श्रद्धा आहे, त्यामुळे उंटांवर रोगराई आली की फड वाचून घेण्याचा नवस बोलतात. भोपे बहुतेक नायक समाजाचे, फड रंगवणारे भीलवाडा-शाहपुऱ्याचे जोशी, ऐकणारे रायका आणि राजपूत. एका रात्रीसाठी इतक्या जातींचे हात लागतात.

फड तयार कसा होतो ते जरा सावकाश बघण्यासारखं आहे. हातमागाचं जाड सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवतात. मग पिठाची खळ देऊन, ताणून उन्हात वाळवतात आणि अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटल्यावर धाग्यांमधली भोकं बुजतात आणि पृष्ठभाग तुळतुळीत होतो. इथेच बरंचसं भवितव्य ठरतं. खळ पातळ राहिली तर रंग धाग्यात पसरतो, रेघ फुटते. खळ जाड झाली तर गुंडाळताना कापडाला भेगा पडतात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. जुना फड कधी घडी घालून ठेवलेला दिसला तर घडीच्या रेषेवर चित्र आधी गेलेलं असतं. फड गुंडाळायचा, तोही कोरड्या जागी, कारण खळ म्हणजे किड्यांना जेवणच.

आधी फिक्या पिवळ्या रंगात कच्चं रेखाटन. नंतर एकेक रंग घेऊन तो सबंध कापडावर जिथे जिथे लागेल तिथे भरत जायचा: चेहरे-अंगांचा नारिंगी, दागिन्यांचा पिवळा, मग हिरवा, तपकिरी, लाल, निळा. काळी रेघ सर्वांत शेवटी. पारंपरिक रंग म्हणजे हरताळ, हिंगूळ, नीळ, काजळ, गेरू; ते घोटून डिंकात कालवलेले. सगळं झाल्यावर मुख्य देवाचे डोळे काढतात. तोवर ते चित्र असतं, डोळे उघडले की देव. जोशी घराण्यातले श्रीलाल जोशी यांना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा हे नाव शाहपुऱ्याबाहेर पुष्कळांना कळलं.

चित्रांची मांडणी पहिल्यांदा बघणाऱ्याला गोंधळात टाकते. डावीकडून उजवीकडे गोष्ट वाचायला गेलात तर काही लागत नाही. प्रसंग काळाच्या क्रमाने नसतातच, ते जागेनुसार असतात. मध्यभागी कोळू गावातला पाबूजींचा दरबार, आणि दूरची ठिकाणं कडांकडे. एका ठिकाणी घडलेले वेगवेगळ्या वेळचे प्रसंग शेजारी शेजारी येतात. म्हणजे फड हा एका अर्थी नकाशा आहे. जनावरं घेऊन हिंडणाऱ्या माणसाला 'कधी' पेक्षा 'कुठे' महत्त्वाचं असणार, हा माझा तर्क.

आता वाचन. भोपा रावणहत्ता हे गजाने वाजवायचं वाद्य वाजवतो. नारळाच्या करवंटीवर बकऱ्याचं कातडं, बांबूची दांडी, मुख्य तारांपैकी एक घोड्याच्या केसांची आणि एक पोलादाची, बाकीच्या झंकाराच्या. गजाला घुंगरं बांधलेली, त्यामुळे ताल वेगळा धरावा लागत नाही. कथेत गाण्याचे भाग असतात, त्यांना गाव म्हणतात, आणि बोलून सांगायचे भाग म्हणजे अर्थाव. भोपी, म्हणजे भोप्याची बायको, हातात दिवा घेऊन ज्या प्रसंगाचं गाणं चाललंय तिथे उजेड धरते. या दिव्याचं काम नीट समजून घेतलं पाहिजे. पंधरा फुटी कापडावर शेकडो आकृत्या आहेत. अंधारात दिवा एकच प्रसंग निवडतो आणि बाकीचं जग झाकून ठेवतो. हॉटेलच्या हिरवळीवर मोठे दिवे लावून पंधरा मिनिटांत फड 'दाखवतात', तेव्हा पहिली हत्या या निवडीची होते. सगळंच दिसतं, मग बघण्यासारखं काही उरत नाही.

चौमासात, देव झोपलेले असतात तेव्हा, फड उघडत नाहीत. कापडाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचंच.

फडाचा यजमान रात्रीपुरता असतो, मांगणियारांचा पिढ्यानपिढ्यांचा. जैसलमेर-बाडमेरकडचे हे गायक मुसलमान, त्यांचे बरेचसे यजमान हिंदू राजपूत. यजमानाकडे मूल झालं, लग्न निघालं की मांगणियार येणार, प्रसंगाची गाणी गाणार, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणार. बदल्यात धान्य, जनावर, लग्नात रोख. आपल्या बलुत्यासारखंच, पण एक फरक आहे: यजमान गायकाला सोडू शकत नाही, अपमान झाला तर गायक यजमानाला सोडू शकतो. घराण्याची वंशावळ ज्याच्या तोंडात आहे त्याला दुखावणं परवडत नाही.

त्यांचं कमायचा हे वाद्य एकाच लाकडातून, बहुधा आंब्याच्या, कोरलेलं असतं. मोठं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, तीन मुख्य तारा आतड्याच्या आणि खाली पोलाद-पितळेच्या तरफांच्या तारा. हमीरा गावच्या साकर खान यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच वाद्यासाठी. हवेत दमटपणा आला की कातडं सैल पडतं आणि सूर बसतो. किनाऱ्यावरच्या शहरात कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी सूर जुळवायला भरपूर वेळ द्यावा, नाहीतर पहिली दोन गाणी फुकट जातात. कमायचा बनवणारे हात कमी झाले, तशी त्याच्या जागी पेटी आली. पेटी नेआण करायला सोपी आणि ऊन-पावसाने तितकी बिघडत नाही. पण तिचे सूर ठरलेल्या खुंट्यांसारखे, आणि मांगणियार गळा दोन सुरांच्या मधून घसरत जातो. पेटीबरोबर वाढलेल्या पोराच्या गळ्यातून ती घसर कमी होत जाणार.

या सगळ्याची नोंद करण्यात कोमल कोठारी (१९२९–२००४) यांचं काम सर्वांत मोठं. लेखक विजयदान देथा यांच्याबरोबर त्यांनी १९६० मध्ये बोरूंदा गावात रूपायन संस्थान काढलं. कोठारींची नजर वेगळी होती. ते राजस्थानचे भाग राजघराण्यांवरून पाडत नसत, बाजरी, ज्वारी आणि मक्यावरून पाडत. जोधपूरजवळच्या अरना-झरना संग्रहालयात त्यांनी सुरुवात केली ती झाडूंपासून. कुठल्या मुलखात कुठल्या गवताचा झाडू, घरातला कोणता, अंगणातला कोणता, बांधतं कोण, विकतं कोण. मानव्यविद्या म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी आधी ते झाडू दाखवीन.

शब्दांचंही तसंच. वाळवंटात पाण्याला तीन नावं आहेत. पावसाचं थेट मिळणारं ते पालर, खोल विहिरीचं ते पाताल, आणि या दोहोंमधलं, वाळूत मुरून खडियाच्या, म्हणजे खडूसारख्या दगडाच्या, थरावर ओलाव्याच्या रूपाने अडकलेलं ते रेजाणी. रेजाणी मिळवण्यासाठी अरुंद कुंई, म्हणजे लहान विहीर, खणतात, खीप गवताच्या जाड दोराची वेटोळी आतून बसवून वाळू ढासळू देत नाहीत, आणि दिवसाला दोन-तीन घडे गोड पाणी जमतं. कुंई ज्याची त्याची, पण जमीन गावाची आणि ओलावा सगळ्यांचा, म्हणून नवी खणायला गावाची संमती लागते. रेजाणी हा शब्द माहीत नसलेला माणूस यंत्र लावून खडियाचा थर फोडतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यात जातो.

कुणाला आपल्याकडे फडवाचन ठेवायचं असेल तर थोडं सांगतो. कार्यक्रम अंधार पडल्यावरच ठेवा, आणि आसपासचे दिवे बंद करता येतील अशी जागा घ्या. खांब पक्के रोवा, कापड वाऱ्याने फडफडता कामा नये. बसायला जमिनीवर सतरंजी, पहिली ओळ फडापासून दहा-बारा फुटांवर. शंभराच्या आत माणसं असतील तर माइक नको. घुंगरांचा आवाज त्यात कर्कश होतो. सबंध कथा एका रात्रीत होत नाही, म्हणून कुठला प्रसंग हवा ते आधी बोलून घ्या: देवल नावाच्या चारण बाईच्या गाई सोडवायला पाबूजी लग्नाचे फेरे अर्धवट टाकून निघतात, तो भाग तीन-चार तास सहज धरून ठेवतो. बिदागी आधी ठरवा आणि भोपीचीही धरा, कारण अर्धं गाणं तिचं असतं. फोनची बॅटरी लावून फोटो काढू नका.

आणि मध्येच उठायचं असेल तर आरतीच्या आधी उठा. आरती झाली की भोपा फड एका टोकापासून गुंडाळायला लागतो, तेव्हा बोलत नाहीत. फड जीर्ण झाला, चेहरे ओळखू येईनासे झाले की तो विकत नाहीत, पुष्करच्या तळ्यात नेऊन सोडतात. त्याला म्हणतात फड ठंडी करणं.