मशीन द्या, पण खुर्चीही द्या

माझी लेक ३०व्या आठवड्यात, दिवस भरायच्या खूप आधी झाली, वजन ११८० ग्रॅम. तिच्या पावलाला सेन्सर बांधलेला असायचा, पाऊल केवढं तर माझ्या अंगठ्याएवढं, आणि सेन्सरचा लाल उजेड त्यातून आरपार दिसायचा. दर दोन तासांनी सिस्टर सिरिंज वर धरायची आणि नळीतून २ मिली दूध हळूहळू उतरायचं. ते संपेपर्यंत मी तिच्या पेटीला, म्हणजे इन्क्युबेटरला, टेकून उभी. टाके दुखायचे पण बसायला काही नव्हतंच.

आता आम्ही काही पालक मिळून एनआयसीयूंसाठी, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांसाठी, पैसे जमवतो आणि देणारे अगदी मनापासून विचारतात, कुठलं मशीन देऊ? मशीन लागतंच हो, अशा लवकर जन्मलेल्या बाळांची फुफ्फुसं कच्ची असतात, सीपॅपशिवाय, म्हणजे नाकावाटे दाबाने हवा देणाऱ्या मशीनशिवाय, कित्येकांचं भागत नाही. पण त्याच्या नळ्या, सेन्सर, दुरुस्ती यासाठी दरवर्षी पैसे लागतात, ते द्यायला कोणी नसतं, मग एवढंसं काहीतरी संपलं म्हणून चांगलं मशीन कपडा टाकून पडून राहतं. फार जीव तुटतो ते बघून.

आणि खुर्ची तर कुणाच्या डोक्यातच येत नाही! १९७८ साली कोलंबियात बोगोटाला पेट्या पुरत नव्हत्या तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली, तेच हे कांगारू मदर केअर. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनेही सांगितलं की अगदी गंभीर बाळं सोडली तर हे जन्मानंतर लवकरात लवकर सुरू करा, दिवसाचे ८ ते २४ तास. आता ओली बाळंतीण आठ तास स्टुलावर बसेल का? तिला मागे रेलता येईल अशी खुर्ची हवी, आडोशाला पडदा हवा, दोन वेळचं गरम जेवण आणि रात्री तिथेच आडवं व्हायला जागा हवी. दूध काढायचा पंपही हवा, कारण आईचं दूध मिळालं की अशा बाळांना होणाऱ्या आतड्याच्या एनईसी या भयंकर आजाराचा धोका कमी होतो.

घरी गेल्यावरचं तर अजूनच राहून जातं. डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात व्हायला लागते, पडद्याचा आजार वेळेत कळला तर लेझरने नजर वाचू शकते, आणि ती तारीख नुसत्या गाडीभाड्यापायी चुकते. म्हणून आम्ही भाड्याचे पैसे वेगळेच काढून ठेवतो आणि आदल्या दिवशी फोन करतो.

मागच्या आठवड्यात एका वॉर्डात गेले होते. आम्ही दिलेल्या खुर्चीत एक बाबा शर्टाची बटणं उघडून रेलले होते, छातीवर टोपी घातलेलं एवढुसं बाळ, दोघंही गाढ झोपलेले. सिस्टरने मला खुणेनेच दारात थांबवलं. पुढच्या महिन्यात अजून चार खुर्च्या घ्यायच्यात.