गॉल ते मिरिस्सा, घर चाकांवर
आज श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याने गॉलहून मिरिस्सापर्यंत आलो. अंतर जेमतेम 35 किलोमीटर, पण भाड्याच्या व्हॅनमध्येच झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असल्यामुळे उनवटुना, कोग्गला, वेलिगामा असे थांबत अख्खा दिवस गेला. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे बाबा निर्धास्त होते. कोग्गल्याला समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसलेले कोळी आता मासळीपेक्षा पर्यटकांच्या छायाचित्रांवरच अधिक कमावतात, हे पाहून थोडे वाईट वाटले. दुपारी आईने नारळाच्या सावलीत भाकरी थापली (ज्वारीचे पीठ अर्थातच लातूरहून आणलेले) आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यासाठी घागरी घेऊन थांबल्याची आठवण काढत ती बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली.